वर्मी नेम: मांसासाठी मोठ्या जनावराची शिकार करताना गोळी कुठे लागावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्या हंगामाला निघालेले आणि अनेक हंगाम पाहिलेलेही शिकारी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. ज्या देशात कायदा परवानगी देतो तेथे, परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात आणि खाण्यासाठी केलेल्या शिकारीलाच ही उत्तरे लागू आहेत. जेथे शिकारीला बंदी आहे तेथे नेम कुठे धरावा हा प्रश्नच उद्भवत नाही. वेगळे काही म्हटले नसेल तर मापे मध्यम आकाराच्या हरणाची समजावीत.

१. नेम नेमका कुठे धरावा?

जनावर आडवे उभे असेल, तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने नजर सरळ वर न्यावी आणि छातीच्या तळापासून पाठीपर्यंतच्या उंचीचा साधारण एक तृतीयांश भाग चढून थांबावी. तेथे आत दोन्ही फुप्फुसे आणि त्यांच्या किंचित खाली हृदय असते. हरणाच्या बाबतीत हे वर्म साधारण २० ते २५ सेंटीमीटर व्यासाचे असते. हीच जागा सांगण्याचे कारण असे की येथे थोडी चूक झाली तरी ती बहुधा पदरात घेतली जाते: गोळी जरा खाली गेली तर हृदय, जरा पुढे गेली तर खांदा आणि त्यामागच्या मोठ्या रक्तवाहिन्या, जरा मागे सरकली तर यकृत. शरीरात अशी दुसरी जागा नाही.

मात्र कातड्यावरचा हा बिंदू फक्त आडव्या जनावरासाठी खरा आहे. जनावर थोडेसे वळले की बिंदू सरकतो. आतले वर्म जागेवरच राहते. म्हणून मी शिकवताना सांगतो की नेम कातड्यावर धरू नका, दोन पुढच्या पायांच्या मध्ये, छातीच्या पोकळीत एक चेंडू टांगला आहे असे मनात आणा आणि त्या चेंडूवर धरा. चाप ओढण्याआधी विचारायचा प्रश्न ‘गोळी कुठे लागेल’ हा नाही, ‘गोळी कुठून बाहेर पडेल’ हा आहे. त्याचे उत्तर देता येत नसेल, तर बार टाकायचा नाही.

२. डोक्यात गोळी घातली तर जनावर जागीच मरते आणि मांसही वाया जात नाही. मग तीच का नको?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि तो विचारणारे बहुतेक जण सद्हेतूनेच विचारतात. गोळी मेंदूत बसली तर मृत्यू तत्काळ येतो हे खरे आहे. पण हरणाचा मेंदू मुठीहूनही लहान असतो, तो डोक्याच्या मागच्या-वरच्या भागात असतो, आणि डोके हा जनावराचा सतत हलणारा अवयव आहे. चरताना, कान टवकारताना, माशी उडवताना ते क्षणात दहा सेंटीमीटर सरकते, आणि त्याआधी काही इशारा मिळत नाही.

छातीवरचा नेम दहा सेंटीमीटरने चुकला तर बहुधा जनावर मरतेच. डोक्यावरचा तेवढाच चुकला तर जबडा फुटतो. एका हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात मी ओढ्याकाठी एक मादी पाहिली. तिचा खालचा जबडा लोंबत होता, जीभ सुकून काळी पडली होती. ती पाण्यात तोंड बुडवायची, मान वर करायची आणि सगळे पाणी बाजूने गळून जायचे. मग ती पुन्हा तोंड बुडवायची. फासळ्या मोजता येत होत्या, म्हणजे हे बऱ्याच दिवसांपासून चालले असावे. तिच्यावर बार टाकणाऱ्याला नेम पूर्णपणे हुकला असे वाटले असणार, कारण अशा जखमेतून रक्ताचा माग जवळजवळ पडत नाही आणि जनावर पूर्ण वेगाने पळून जाते.

मानेबद्दलही हेच म्हणावे लागते. मान रुंद दिसते, पण तिच्यातला कणा अरुंद असतो, आणि नर माजावर असताना मानेचे स्नायू व केस यांमुळे तो नेमका कुठून जातो हे ओळखणे आणखी कठीण होते. कणा चुकला तर श्वासनलिका किंवा अन्ननलिका फाटते आणि जनावर जायबंदी होऊन जाते. अगदी जवळून, भक्कम टेका घेऊन, वर्षभर हेच काम करणारे व्यावसायिक डोक्याचा नेम धरतात. हंगामात दोन-चार वेळा बंदूक हातात घेणाऱ्याने तो धरू नये असे माझे ठाम मत आहे. मांस वाचवण्याचे कारण किती खरे आहे ते पुढच्या उत्तरात पाहावे.

३. छातीतून गोळी गेल्यास किती मांस वाया जाते?

खांद्याच्या हाडामागून गेली तर फारच थोडे. वाटेत फक्त फासळ्या आणि त्यांच्यामधले पातळ मांस येते. पाठीचे मऊ मांस, मांड्या आणि बहुतेक वेळा दोन्ही खांदेही शाबूत राहतात. रक्त छातीच्या पोकळीत साठते, म्हणून गळा वेगळा चिरण्याची गरज पडत नाही.

मांस खराब करणारी दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. शांतपणे चरताना मेलेल्या जनावराच्या स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनचे, म्हणजे साखरेच्या साठ्याचे, मृत्यूनंतर लॅक्टिक आम्ल होते आणि मांसाचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) हळूहळू ५.५ च्या आसपास उतरतो. हेच मांस मऊ होते आणि टिकते. जायबंदी होऊन तासन्‌तास धावलेल्या, भेदरलेल्या जनावराचे ग्लायकोजेन आधीच संपलेले असते. त्यामुळे पीएच ६ च्या वरच राहतो, मांस काळपट, घट्ट आणि चिकट लागते आणि लवकर नासते. जनावराला कमीत कमी यातना देणारा नेम आणि चांगले मांस देणारा नेम एकच आहे, तो याच कारणाने.

४. गोळी लागूनही जनावर पळाले. याचा अर्थ नेम चुकला का?

नाही. दोन्ही फुप्फुसे किंवा हृदय फुटल्यावर रक्तदाब कोसळतो, पण मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर जनावर साधारण १० ते १५ सेकंद शुद्धीत राहू शकते. धावणारे हरीण सेकंदाला दहा मीटर सहज तोडते, त्यामुळे ५० ते १०० मीटरवर मेलेले सापडणे हा उत्तम नेमाचाच परिणाम आहे. हृदयात गोळी लागलेले जनावर तर अनेकदा सर्वांत जोरात उसळी मारते. उलट, जागीच कोसळलेल्या जनावराबाबत अधिक सावध राहावे. कारण प्रश्न ५ मध्ये आहे.

५. खांद्यातून गोळी मारून जागीच पाडणे योग्य आहे का?

काही प्रसंगी आहे. पन्नास पावलांवर कडा असेल, खोल पाणी असेल किंवा ज्यात माग काढणे अशक्य होईल असे दाट रान असेल, तर दोन्ही खांदे मोडणारा नेम जनावराला तेथेच खिळवतो. त्याची किंमत म्हणून पुढच्या पायाचे बरेचसे मांस रक्ताळते आणि हाडाच्या चुऱ्याने भरते, आणि त्यासाठी हाडातून पार जाणारी मजबूत गोळी लागते.

धोका आहे तो वरच्या बाजूला. खांद्यापाशी कणा लोकांच्या कल्पनेपेक्षा बराच खाली असतो आणि त्याच्यावर मणक्यांचे लांब काटे व मांस असते. गोळी या काट्यांतून गेली तर कण्याला धक्का बसून जनावर वीज पडल्यासारखे कोसळते, शिकारी बंदूक खाली ठेवतो, आणि मिनिटभरात ते उठून नाहीसे होते. ‘फुप्फुसांच्या वर आणि कण्याच्या खाली एक रिकामी जागा असते, गोळी तेथून गेली’ असे जे सांगितले जाते, ते शरीररचनेला धरून नाही. जिवंत जनावराची फुप्फुसे कण्यापर्यंत भिडलेली असतात. अशा वेळी गोळी बहुधा कण्याच्या वरून गेलेली असते.

६. जनावर तिरके उभे असेल तर?

तोंड पलीकडे वळवून तिरके उभे असेल, तर हा चांगला कोन आहे. पलीकडच्या पुढच्या पायाकडे रोख धरावा, म्हणजे गोळी मागच्या फासळ्यांतून शिरून वर्मातून जाते. मात्र तिरकेपणा इतका असेल की गोळीला शेवटच्या फासळीच्याही मागून शिरावे लागेल, तर थांबावे, कारण मग ती आधी पोट फाडते.

आपल्याकडे तोंड करून तिरके उभे असेल, तर शिरताना गोळी योग्य जागी शिरते पण निघताना पोटातून निघते. रायफलने जनावर मरते, परंतु मांसात घाण पसरते. बहुतेक वेळा अर्धा मिनिट धीर धरला तर ते वळते.

७. समोरून किंवा मागून?

मागून कधीही नाही. गोळी सर्वांत चांगल्या मांसातून, मग आतड्यांतून जाते, आणि वर्मापर्यंत पोहोचेलच असे नाही. याला एकच अपवाद आहे, तो प्रश्न १६ मध्ये दिला आहे. थेट समोरून वर्माची रुंदी अगदी कमी उरते. जवळून, टेका घेऊन, डोके वर असलेल्या शांत जनावरावर रायफलने तो बार शक्य असतो. बाणाने तो टाळावा.

८. उतारावरून किंवा मचाणावरून नेम कसा बदलतो?

दोन वेगळ्या गोष्टी बदलतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली गोळीच्या मार्गाची: चढावर असो वा उतारावर, गोळी अपेक्षेपेक्षा वर लागते, कारण तिचा झोल, म्हणजे वाटेत ती किती खाली येते हे, आडव्या अंतरावर ठरतो. ३० अंशांच्या उतारावर २०० मीटर मोजले, तर आडवे अंतर सुमारे १७३ मीटरच भरते.

दुसरी गोष्ट शरीराच्या कोनाची. वरून मारताना गोळी उंच शिरून खाली निघते, म्हणून शिरण्याची जागा थोडी वर धरावी लागते. जनावर मचाणाच्या अगदी बुंध्याशी आले, की कोन इतका खडा होतो की एकच फुप्फुस फुटण्याचा संभव वाढतो, आणि एका फुप्फुसावर जनावर तासन्‌तास जगू शकते. जवळ आलेले जनावर नेहमी सोपे असते असे नाही. त्याला थोडे पुढे जाऊ द्यावे.

९. माझ्यासाठी योग्य अंतर किती?

हे बंदूक ठरवत नाही. २० सेंटीमीटर व्यासाची कागदी थाळी लावा आणि रानात ज्या स्थितीतून बार टाकणार आहात, म्हणजे बसून, गुडघ्यावर किंवा काठीच्या टेक्यावर, त्याच स्थितीतून मारा. ज्या अंतरापर्यंत तुमची प्रत्येक गोळी थाळीत पडते, तेच तुमचे अंतर. दहापैकी नऊ पडल्या तर ते अंतर तुमचे नाही. पहिल्या गोळीकडे विशेष लक्ष द्यावे, कारण रानात बार थंड नळीतूनच होतो. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला दरवर्षी परीक्षा द्यावी लागते आणि १०० मीटरवर पाचही गोळ्या ३० सेंटीमीटरच्या वर्तुळात बसवाव्या लागतात. चार बसल्या तर तो नापास होतो. मला हा नियम फार रास्त वाटतो.

थाळी हलत नाही, वारा मात्र रानात असतोच. ३०० मीटरवर पोहोचायला रायफलच्या गोळीला साधारण ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात जनावर एक पाऊल टाकते आणि छातीवरचा नेम पोटात बसतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा याच अंतरावर नेहमीच्या .३० कॅलिबरच्या (कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी) गोळीला १५ ते २० सेंटीमीटर ढकलतो. धाप लागली असेल, हात थरथरत असतील किंवा प्रकाश इतका कमी असेल की पुढचा पाय छातीपासून वेगळा दिसत नसेल, तर थाळीवरचे अंतर निम्मे धरावे किंवा बार सोडून द्यावा.

१०. धनुष्यबाणासाठी हेच नियम लागू आहेत का?

वर्म तेच, मर्यादा अधिक कडक. बाण धक्क्याने मारत नाही, धारदार पात्याने रक्तवाहिन्या कापून मारतो. म्हणून तो दोन्ही फुप्फुसांतून आरपार जायला हवा आणि खांद्याचे हाड टाळायला हवे. जनावर पूर्ण आडवे किंवा तोंड पलीकडे करून तिरके असावे, आणि अलीकडचा पुढचा पाय पुढे टाकलेला असावा, कारण पाय पुढे गेला की खांद्याचे पाते फुप्फुसांवरून सरकते.

सेकंदाला ८५ मीटर वेगाचा बाण ३० मीटरला सुमारे ०.३५ सेकंदात पोहोचतो, तर प्रत्यंचेचा आवाज त्याआधीच, ०.०९ सेकंदात. पळण्यासाठी हरीण आधी गुडघ्यांत वाकून खाली दबते, आणि मोकळेपणी पडणारी वस्तू ०.२ सेकंदात सुमारे २० सेंटीमीटर खाली येते. म्हणजे अचूक सोडलेला बाणही पाठीवर लागू शकतो. सावध झालेल्या, कान रोखलेल्या हरणावर बाण सोडू नये, मग ते कितीही जवळ असो. जर्मनी, ब्रिटन आणि नॉर्वे येथे बाणाने हरीण मारण्यास बंदी आहे. डेन्मार्कमध्ये परवानगी आहे.

११. हरणाखेरीज इतर जनावरांत वर्म कुठे असते?

रानडुकरात ते अधिक खाली आणि अधिक पुढे असते. हरणासारखा खांद्यामागे नेम धरला तर पोटात लागण्याचा धोका असतो. शिवाय प्रौढ नराच्या खांद्यावर कातडीखाली ढालीसारखा जाड, चिवट थर असतो. आफ्रिकेतल्या अनेक कुरंगांतही हृदय-फुप्फुसे पुढे सरकलेली असतात, म्हणून तेथे पायाच्या मागे न धरता पायाच्या रेषेतच वर धरतात. बायसन या रानबैलाचे वशिंड सर्वांना फसवते: ते मणक्यांच्या काट्यांवर उभे असते, आणि उंचीचा ‘मध्य’ धरला तर नेम फार वर जातो. अस्वलाची चरबी आणि दाट केस रक्त शोषून घेतात, त्यामुळे माग पुसट पडतो. मूस हे उत्तरेकडचे अवाढव्य हरीण वर्मी लागूनही अनेकदा काहीच झाले नाही असे उभे राहते. ते उभे आहे तोवर दुसरी गोळी घालावी.

१२. गोळी कोणती असावी? शिशाची गोळी मांसात उतरते का?

किमान ताकद बहुतेक ठिकाणी कायद्यानेच ठरलेली असते. उदाहरणार्थ, जर्मनीत रो या लहान हरणासाठी गोळीची ऊर्जा १०० मीटरवर १००० ज्यूल, आणि इतर खुरी जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटर कॅलिबर व १०० मीटरवर २००० ज्यूल लागतात. पण मोठी बंदूक वाईट नेम सावरत नाही, आणि धक्क्याला घाबरून डोळे मिटणाऱ्याच्या हातात ती वाईट नेमाचे कारण होते.

शिशाबद्दलची शंका रास्त आहे. शिशाची गोळी फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरच्या मांसातही जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत आणि धुतल्याने जात नाहीत. घरात लहान मुले किंवा गर्भवती स्त्री असेल तर तांब्याची एकजिनसी गोळी वापरावी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेविरहित गोळ्या सक्तीच्या आहेत, आणि डेन्मार्कने २०२४ पासून रायफलच्या शिशाच्या गोळ्यांवरही बंदी घातली. शिसे वापरलेच असेल, तर जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकावे.

१३. बार झाल्यावर लगेच काय करावे?

नळीत दुसरी गोळी चढवावी आणि जागा सोडू नये. जनावर कुठे उभे होते आणि शेवटचे कुठे दिसले, ही दोन ठिकाणे एखाद्या झाडाच्या किंवा दगडाच्या खुणेने मनात पक्की करावीत. वर्मी लागलेले जनावर बहुधा उसळते किंवा खाली दबून धावते. पोटात लागलेले पाठ कमान करून, जड पावलांनी जाते.

अर्ध्या तासाने बाराच्या जागी जावे आणि गुडघे टेकून शोधावे. गुलाबी, बुडबुडे असलेले रक्त फुप्फुसाचे. गडद, काळसर लाल रक्त यकृताचे. हिरवट-तपकिरी, वास येणारा द्रव पोटाचा. एकदा सगळ्या उतारावर मला जे सापडले ते वाळक्या पानावरचे मोहरीएवढे तीन गुलाबी बुडबुडे होते. हरीण त्यांच्यापासून सत्तर पावलांवर पडले होते. रक्त नाही म्हणून नेम चुकला असे समजून परत फिरू नये.

१४. गोळी पोटात लागली अशी शंका आहे. ताबडतोब मागावर जावे का?

नाही, आणि हे पाळणे सर्वांत कठीण जाते. पोटात लागलेले जनावर पाठलाग झाला नाही तर जवळच दाट जागा पाहून बसते. पाठलाग झाला तर उठून कोसभर जाते आणि कदाचित कधीच सापडत नाही. यकृतात लागले असेल तर तीन ते चार तास, पोटात लागले असेल तर आठ ते बारा तास थांबण्याची शिफारस केली जाते. उकाडा असेल किंवा पाऊस येत असेल तर मांस आणि माग दोन्ही हातचे जातात, म्हणून अशा वेळी रक्ताचा माग काढणारा शिकवलेला कुत्रा हाच खरा उपाय आहे. नॉर्वेत मूस आणि हरणांच्या शिकारीसाठी असा कुत्रा उपलब्ध असणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

जनावर सापडल्यावर घाण लागलेले मांस पाण्याने धुऊ नये, त्याने घाण पसरते. ते कापून टाकावे.

१५. जनावर कळपात असेल, चालत असेल किंवा सोबत पाडस असेल तर?

कळपात मागे दुसरे जनावर नाही याची खात्री हवी, कारण आरपार गेलेली गोळी तेथे थांबत नाही. त्यामागे माती किंवा टेकडीचा आडोसाही हवा. सावकाश चालणारे जनावर हलक्या आवाजाने थबकते; धावत्या जनावरावर बार टाकू नये. पाडस मादीवर अवलंबून असेल तर मादीला मारू नये. ज्या ठिकाणी दोन्ही मारण्याची परवानगी असते तेथे आधी पाडस, मग मादी असा क्रम पाळतात. हे वाचायला कठोर वाटते. आईविना उपाशी मरणारे पाडस हा त्याचा पर्याय असतो.

१६. पडलेल्या जनावराचा श्वास चालू असेल, किंवा दुसऱ्याने जायबंदी केलेले जनावर समोर आले, तर?

येथे वरचे बरेच नियम उलटतात. मांस वाचवण्याचा विचार सोडावा आणि यातना संपवावी. पळून जाणाऱ्या जायबंदी जनावरावर मागूनही बार टाकावा, कारण त्याला तसेच जाऊ देणे अधिक वाईट आहे.

पडलेल्या जनावराकडे पाठीच्या बाजूने, बंदूक तयार ठेवून जावे. मेलेल्या जनावराचे डोळे उघडे असतात. मिटलेले दिसले तर ते जिवंत आहे असे धरावे. लांब काठीने बुबुळाला स्पर्श करावा, आणि पापणी हलली तर दोन पावले मागे येऊन छातीत किंवा कवटीच्या मागच्या बाजूला, मानेच्या सांध्यात दुसरी गोळी घालावी. आधीच्या गोळीचा हिशोब करत बसू नये.

दुसऱ्याच्या जायबंदी जनावराबाबत परवान्याचा नियम ठिकाणानुसार बदलतो, आणि काही ठिकाणी ते तुमच्याच परवान्यावर चढते. म्हणून हंगामापूर्वीच तो नियम विचारून ठेवावा, शक्य असेल तर आधी वनाधिकाऱ्याला कळवावे, आणि बाराची वेळ, जागा व जुन्या जखमेचे वर्णन लगेच लिहून ठेवावे.